तुम्ही विचारलंत म्हणून: देवाला माहीतच आहे, मग माणसाला कशाला सांगायचं?

ट्रेनच्या ग्रुपमधे कोणीतरी विचारतंच, अगं देवाला तर सगळं दिसतं ना, मग तुम्हा ख्रिश्चनांत पाप माणसाला जाऊन का सांगतात? पिक्चरमधला तो जाळीचा बॉक्स डोक्यात असतो बहुतेक. तो कॅथलिकांचा, माहीम-वांद्र्याला चर्चमधे दिसेल. त्यांना 1215 च्या लॅटरन धर्मपरिषदेपासून वर्षातून एकदा तरी कन्फेशन, म्हणजे फादरपुढे पापाची कबुली, सक्तीचंय, आणि ऐकलेलं फोडलं तर फादरच चर्चबाहेर होतात, म्हणून ते कोणाला सांगतील ही शंका सोडा. आम्ही प्रोटेस्टंट, आमच्याकडे बॉक्स नाही, उपासनेत सगळे मिळून पापांगीकार म्हणतो. आणि खरं सांगू, सगळ्यांच्या आवाजात आपला आवाज मिसळून टाकणं फार सोपं असतं.

एकट्याने देवाशी बोलताना माणूस सोयीचंच बोलतो. "प्रभू, काही चुकलं असेल तर क्षमा कर." असेल तर म्हणे! समोर माणूस बसला की कोणाचे पैसे, किती, कधीपासून, हे सांगावं लागतं. बायबलमधल्या दावीद राजाचं बघा ना, बथशेबेला घरात आणलं, तिच्या नवऱ्याला, उरीयाला, लढाईत पुढे उभं करून मारवलं, आणि तिला मूल होईपर्यंत सगळं गपचूप. देवाला तेव्हाही माहीत होतंच की! मग नाथान संदेष्टा आला, गरिबाची एकुलती एक मेंढी श्रीमंताने कापली अशी गोष्ट सांगितली, राजा भडकला, अशा माणसाला मारलाच पाहिजे म्हणाला, तेव्हा नाथान म्हणाला तो माणूस तूच. दुसऱ्याचं पाप लगेच दिसलं, स्वतःचं दाखवायला कोणीतरी घरी यावं लागलं. त्याच्याच नावावरच्या 32व्या स्तोत्रात आहे, मी गप्प होतो तोवर माझी हाडं झिजली.

आपल्या मुंबईत तर गंमतच, चाळीत शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात पण उशाशी ठेवलेल्या फोनमधली ऑनलाइन रमी आणि त्यापायी घेतलेलं लोन बायकोला रिकव्हरीवाल्याचा फोन येईपर्यंत कळत नाही.

उजेडात आणायचं म्हणजे माइकवर सांगायचं असं मात्र मला वाटत नाही. 1905 मधे पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमधे मुली रडून रडून पापं कबूल करत होत्या, ते कोणी घडवून आणलेलं नव्हतं. हल्ली स्टेजवरच्या साक्षी, म्हणजे देवाने मला कसं बदललं ते सांगणं, ऐकते त्यात दारू सुटली ती कधीच्या काळी, आजचं कोणी बोलतच नाही, आणि वर त्यात बायकोची पण अब्रू जाते, तिला विचारलं का कोणी?

त्यापेक्षा मला जक्कय आवडतो, यरीहोचा जकातदार. येशू त्याच्या घरी उतरला तर हा रडत बसला नाही, अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत, असं उभं राहून सांगितलं. मोशेच्या नियमशास्त्रात तर हिशोबच दिलाय, पाप कबूल कर, मुद्दल परत कर, वर पाचवा हिस्सा दे. म्हणून आमच्या प्रार्थनागटात कोणी पैशाचं कबूल केलं की क्षमेची वचनं वाचतोच, पण परत कधी देणार हेही विचारतो. काहींना आवडत नाही, येणं बंद करतात.

आणि लहान मुलावर अत्याचार झाला असेल तर ते प्रार्थनेत मिटवायचं प्रकरणच नाही, 2012 च्या पॉक्सो कायद्याने ते पोलिसांना कळवावंच लागतं, मंडळीची, म्हणजे चर्चची, बदनामी होईल म्हणून दाबणारे लोक पापच झाकतायत.

बाकी कोणाला सांगायचं? पाळकच (पास्टर) पाहिजे असं काही नाही, पोटात ठेवणारं कोणीही विश्वासातलं माणूस चालेल. फक्त तुमची गोष्ट "प्रार्थनेची विनंती" म्हणून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकणाऱ्यांपासून लांब राहा, आणि असे प्रत्येक मंडळीत असतात.