खिंडसीच्या काठी ट्रेलर, अवकाळी पाऊस आणि मग थंडी

डिसेंबरअखेर आम्ही चौघं (मी, बायको, मुलगा आणि आई) ओढायची कॅरव्हॅन (गाडीमागे जोडायचं चाकांवरचं घर, म्हणजेच आमचा ट्रेलर) घेऊन नागपूरहून निघालो. राष्ट्रीय महामार्ग ४४ ने मनसर, तिथून रामटेककडे वळून खिंडसी तलाव. अंतर पन्नासेक किलोमीटर. ट्रकच्या गर्दीत ट्रेलर डोलायला लागतो, म्हणून ताशी ६० च्या वर गेलोच नाही.

तलावाजवळच्या एका शेतात परवानगीने थांबलो. मालक म्हणाले, "भाऊ, बांधाखाली नोका लावू. पानी आलं तं निंगत नाही." ट्रेलर वर मुरमावर लावला, पण गाडी ट्रेलरपासून सोडवून खाली काळ्या मातीतच ठेवली. ते फार महागात पडलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आभाळ भरून आलं. बंगालच्या उपसागराकडून येणारी ओल आणि उत्तरेकडचा पश्चिमी विक्षोभ (हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारी पावसाळी हवा) एकत्र आले की विदर्भात ऐन हिवाळ्यात पाऊस पडतो, कधी गाराही. संध्याकाळी पाऊस सुरू झाला. ट्रेलरबाहेर छत्रीसारखा ताणलेला ओनिंगचा (सावलीच्या छताचा) कपडा आम्ही आधीच गुंडाळला होता, हे बरं झालं. पाणी साचलं की त्याचे दांडे वाकतात.

ढग होते तोवर रात्र सुसह्य होती. खरी थंडी पडली ती आभाळ निवळल्यावर. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला ३.५ अंशांची नोंद झाली होती, त्यामुळे इथली थंडी हलकी समजू नका. ट्रेलरला खालून वारा लागतो, सगळा गारवा फरशीतून वर येतो. आम्ही सतरंज्या अंथरल्या आणि वाऱ्याच्या बाजूने खाली ताडपत्री बांधली. फरशीतली गॅस बाहेर जाण्याची भोकं मात्र मोकळी ठेवली. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खालीच साचतो.

आई म्हणाली, "शेगडीत दोन निखारे आत आणू." मी ठाम नाही म्हटलं. बंद जागेत निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेला माणूस उठतच नाही. शेकोटी बाहेरच करा, आणि झोपताना अंगावर कपड्यांचे थर आणि पायाशी गरम पाण्याची पिशवी घ्या.

पहाटे काचांवरून पाणी ओघळत होतं. चौघांच्या श्वासाची ओल! थंडी वाजते म्हणून सगळं बंद करणं ही आमची चूक. वरची झडप आणि वारा नसलेल्या बाजूची खिडकी दोन बोटं उघडी ठेवली, तर दुसऱ्या रात्री काचा बऱ्याच कोरड्या राहिल्या. ऊन नसल्याने सोलरवर बॅटरी चार्ज झाली नाही. थंडीत बॅटरी तशीही कमी टिकते, म्हणून पंप आणि दिवे जपून वापरा.

निघताना ट्रेलर सहज हलला असता, पण ओढणारी गाडीच चिखलात रुतलेली. चाकाखाली धानाचं तणस घातलं, तरी जागेवरच फिरत राहिली. शेवटी ट्रॅक्टर लावून काढली. तुम्ही ट्रेलर आणि गाडी, दोन्ही मुरमावरच ठेवा, आणि तोंड रस्त्याकडे करूनच लावा.

घरी पोचताच गाद्या उचलून पाहा. आमच्या गाद्यांची खालची बाजू ओली होती, दोन दिवस गच्चीवर उन्हात टाकल्या तेव्हा कुठे कुबट वास गेला.