बाबांची पेट्रोलची डायरी आणि ऑक्सिजन सेन्सर

दिवाळीला सांगलीला गेलो तर गाडीच्या डॅशबोर्डवर तो पिवळा इंजिनचा दिवा लागलेलाच. बाबा म्हणाले, अरे दोन महिने झाले, गॅरेजवाल्याने प्लग बदलले, इंजेक्टर साफ केले, दिवा घालवून दिला, चार दिवसांत परत आला, आता तो म्हणतोय कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या पाइपातला धूर साफ करणारा भाग) गेलाय, तीस हजाराच्या पुढे जाईल. गाडी २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक, बीएस-४, चालवताना ना झटका ना बंद पडणं. मला काही ते पटेना.

बाबा पेट्रोल भरलं की डायरीत लिहितात. बँकेतून मिळालेली जुनी डायरी, निळं पेन, तारीख, किलोमीटर, लिटर, रुपये. आणि दर वेळी टाकी फुल करतात, त्यामुळे ॲव्हरेज बरोबर निघतं. रात्री जेवणं झाल्यावर ती घेऊन बसलो. गावातल्या गावात १४-१५ देणारी गाडी श्रावणापासून ११ वर आलेली. पण मधेच एक ओळ पुण्याला जाऊन आल्याची, तिथे साडेसतरा, अगदी पहिल्यासारखं. कन्व्हर्टर चोकअप असता तर हायवेला गाडीने मान टाकली असती ना. म्हणजे गाडी थंड असतानाच काहीतरी बिघडत होतं, आणि बाबांचं जाणं-येणं म्हणजे मंडई, बँक, गणपती मंदिर, दोन-तीन किलोमीटरच्या वर नाहीच.

ऑक्सिजन सेन्सर धुरातला ऑक्सिजन बघतो आणि त्यावरून इसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, पेट्रोल कमी-जास्त करतो. पण तो सेन्सर साधारण ३०० डिग्रीच्या वर तापल्याशिवाय नीट काम करत नाही, तोवर इसीएम ठरलेल्या अंदाजाने, बहुतेक वेळा जरा जास्तच पेट्रोल सोडत राहतो. १९७६ मध्ये बॉशचा हा सेन्सर व्होल्वोच्या गाडीत पहिल्यांदा आला तेव्हा त्यात हीटर नव्हता, धुराच्या उष्णतेवरच तापायचा, हीटर नंतर आला. आणि आमचा तोच गेला असेल असं मला वाटायला लागलं, कारण हायवेला सेन्सर धुरानेच तापतो, मंडईला जाऊन येईपर्यंत तापतच नाही.

सकाळी गाडी थंड असतानाच माझा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीतले एरर कोड मोबाइलवर दाखवणारं यंत्र, लावला. कोड पी०१३५, पहिल्या सेन्सरचं हीटर सर्किट. इथेच लोक चुकतात. कोड सर्किट म्हणतोय, सेन्सर म्हणत नाहीये, फ्यूज उडालेला असू शकतो, वायर उंदराने कुरतडलेली असू शकते. म्हणून आधी फ्यूज बघितला, चांगला होता. मग कनेक्टर सोडला. चार वायर असतात, एकाच रंगाच्या दोन त्या हीटरच्या, आमच्यात पांढऱ्या. त्या दोन पिनांवर मल्टिमीटर लावला तर ओपन, काहीच रीडिंग नाही. गाडीच्या बाजूच्या कनेक्टरवर चावी ऑन करून १२ व्होल्ट येत होते. म्हणजे वायरिंग ठीक, हीटर तुटलेला. बाबांना मीटर दाखवला, म्हणाले मग कन्व्हर्टर नको ना बदलायला? नको.

सेन्सर साडेतीन हजाराला मिळाला, पार्ट नंबर जुळवून घेतला, कापून जोडायचा युनिव्हर्सल घेतला नाही. नव्याचा हीटर दुकानातच मोजला, ९ ओहम. (मागे कन्व्हर्टरनंतर दुसरा सेन्सर असतो, दुकानदाराला नीट सांगा कुठला पाहिजे.)

खरी मेहनत जुना काढायला. दहा वर्षं तापून गार होऊन आटे पकडून बसलेले. रात्री डब्ल्यूडी-४० मारून ठेवलं, सकाळी इंजिन तीन मिनिटं चालवून कोमट केलं, जुना टाकूनच द्यायचा होता म्हणून वायर सरळ कापली आणि वरून बावीसचा रिंग पाना घातला. पान्यावर पाइप घालून दोन्ही हातांनी ओढला, बाबा टॉर्च धरून उभे, आणि कर्रर्र करून पाव फेरा फिरला. तो आवाज ऐकून मला वाटलं आटे गेले, पण नाही, पुढे हळूहळू मागे-पुढे करत सुटला. बाहेर आला तर टोकावर मऊ काळी काजळी, बोटाला लागेल अशी, जास्त पेट्रोल जळत होतं त्याचीच. नवा बसवताना टोकाला हात लावला नाही, आट्यांना कंपनीचा लेप होताच, आधी हाताने पूर्ण फिरवला आणि मग पान्याने. कनेक्टरमध्ये स्प्रे, ग्रीस काही मारायचं नाही, कारण बऱ्याच सेन्सरना तुलनेसाठी बाहेरची हवा त्या वायरींमधूनच मिळते.

कोड क्लिअर केला आणि दुसऱ्या दिवशी थंड गाडी चालू करून मोबाइलवर ग्राफ लावला. मिनिटाच्या आतच रेघ ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये वरखाली नाचायला लागली. बाबा चष्मा वर करून बघत होते, म्हणाले ईसीजीसारखं दिसतंय रे.

मी पुण्याला आलो. परवा बाबांनी डायरीच्या पानाचा फोटो पाठवला. १४.२, सगळं गावातलंच, दिवा परत लागलेला नाही.