तुम्ही विचारलंत म्हणून: कराटेकडे कशी वळले?

क्लास सुटला की पोरींना न्यायला आलेल्या आयांपैकी एखादी हळूच बाजूला येते. आवाज खाली. "मॅडम, तुम्ही कराटेकडे कशा वळलात? म्हणजे... काही झालं होतं का?"

नाही हो. नागपूरच्या सीताबर्डी बाजाराच्या गर्दीत प्रत्येकीला होतं ते मलाही झालं, पण त्यातून मी कोपर बाहेर काढून चालायला शिकले. कराटे शिकले एका सिनेमामुळे, 'चार्लीज एंजल्स'मुळे. एवढं ऐकलं की समोरचीचा चेहरा पडतो. तिला काहीतरी गंभीर हवं असतं.

तीन गुप्तहेर बाया आणि कधीच न दिसणारा त्यांचा मालक. १९७६ ते १९८१ अमेरिकेत ही टीव्ही मालिका होती, २००० साली सिनेमा आला. मालकाचा स्पीकरवरून येणारा आवाज दोन्हीकडे जॉन फोर्सिथचाच. मी सिनेमा पाहिला नंतर, केबलवर, मे महिन्यातल्या दुपारी, आत्याबरोबर. आत्याला इंग्रजी येत नव्हतं, मला कूलरच्या घरघरीत ऐकू येत नव्हतं. म्हणजे दोघी बरोबरीत.

त्यात एक प्रसंग आहे. ड्रू बॅरीमोरला खुर्चीला बांधलंय, भोवती गुंड. ती घाबरत नाही, रडत नाही. तुम्हाला कसं मारणार ते आधी नीट सांगते, मग हात मागे बांधलेले असतानाच तसं मारते, आणि शेवटी मायकल जॅक्सनसारखी मागे सरकत खोलीबाहेर जाते. शब्द न कळताही आत्याला बरोबर कळलं. "थे पोट्टी त्याहिले आंधीच सांगून राह्यली ना वं, कसं मारीन म्हणून!" पदर तोंडाला लावून ती हसत होती. तोवर मी पडद्यावर मारामारी करणाऱ्या बाया पाहिल्या होत्या त्या सूड घेणाऱ्या, डोळ्यांत अंगार वगैरे. या मजेत होत्या. त्यांच्या हातात बंदूकही नव्हती. बॅरीमोर निर्मातीही होती, आणि बंदूक नको हा तिचाच आग्रह.

संध्याकाळी ओढणीने हात बांधून घेऊन मी प्लास्टिकच्या खुर्चीवरून तोच प्रयोग केला. खुर्चीचा पाय गेला, माझी हनुवटी फुटली. आईने टाके घालून आणले, आणि आत्याने क्लासची फी भरली.

क्लासमध्ये तसलं काही नव्हतं. दोन महिने नुसतं झेनकुत्सु-दाचीत, म्हणजे एक पाय पुढे टाकून गुडघा वाकवून, उभं राहणं, मांड्या थरथरायच्या. सिनेमातल्या मारामाऱ्या युएन च्युंग-यान या हाँगकाँगच्या माणसाने बसवल्या आहेत, आणि त्या उड्या तारांवरच्या. माझ्या पोरी विचारतात, "मॅडम, तशी किक कधी शिकवाल?" मी सांगते, आधी छताला हुक लावून आणा.

सिनेमा फार चांगला आहे असं नाही. कपडे कॅमेऱ्याच्या सोयीचे आहेत. आणि एवढ्या तयारीच्या बाया त्या स्पीकरला शाळेतल्या मुलींसारखं एका सुरात गुड मॉर्निंग म्हणतात, ते मला आजही खटकतं.

पण पहिल्या दिवशी किआय देताना, म्हणजे पोटातून ओरडताना, नव्या पोरी हटकून फिदीफिदी हसतात. मी हसू देते. माझ्या सेन्सेईंनी, म्हणजे कराटेच्या गुरूंनी, शंभर उठाबशा काढायला लावल्या असत्या.