पाटीतली लाल भाकरी

माझी आई गावच्या सरकारी दवाखान्यात नर्स होती. त्यामुळे आता अमृतमहोत्सव साजरा करणाऱ्या आपल्या गावच्या शाळेत मला माझ्या नावापेक्षा ‘नर्सबाईंचा पोरगा’ म्हणूनच जास्त ओळखत. शहादा तालुक्यातल्या त्या गावात ख्रिस्ती घर आमचं एकटंच. नंदुरबार जिल्हा व्हायचा होता (तो 1998 साली झाला), त्यामुळे आईची बदली काय नि पगार काय, सगळं धुळ्याहून हलायचं. तिची पहिली नोकरी चिंचपाड्याच्या मिशन दवाखान्यातली. तिथली एक सवय तिने शेवटपर्यंत सोडली नाही. रात्रीची जेवणं आटोपली की कंदील मध्ये घेऊन पवित्र शास्त्रातला एक अध्याय वाचायचा, ख्रिस्ती कवी रेव्हरंड टिळकांचं एखादं भजन म्हणायचं आणि मग गावात जे कोणी आजारी असेल त्याचं नाव घेऊन प्रार्थना करायची. त्या प्रार्थनेत भिलाटीतली, म्हणजे भिल्लांच्या वस्तीतली, बाळंतीण असे, तशी पाटलांच्या वाड्यातली म्हातारीही असे. उपासनेला नंदुरबारला जाणं महिन्यातून एखाद्या रविवारीच जमायचं. एरवी आमचं देऊळ म्हणजे तो कंदील.

आपल्याकडे भुईमूग निघाला की मजुरांच्या बायका-पोरं सरवा वेचायला शेतात उतरतात. खुरप्याने माती उकरायची, मागे राहिलेली शेंग न शेंग ओच्यात टाकायची. आमच्या शेजारचे शेतकरी बाबा आपल्या मजुरांना बांधालगतच्या तासांवरून दुसऱ्यांदा फिरू देत नसत. ‘राहू द्या रे तेवढं’ म्हणत आणि घरी निघून येत. कोण वेचतंय, किती वेचतंय हे बघायला थांबत नसत.

एकदा हे मी आईला सांगितलं, तर त्या रात्री तिने पवित्र शास्त्रातल्या रूथच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय काढला. मवाबातून आलेली ती परकी विधवा सासूबरोबर राहते आणि पोटासाठी बवाजाच्या शेतात सरवा वेचते. बवाज आपल्या गड्यांना सांगतो, पेंढ्यांतून मुद्दाम काही गळू द्या आणि तिला दरडावू नका. शास्त्रातल्याच लेवीय या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात तर तसा नियमच आहे : शेताचे कोपरे कापून नेऊ नका, सरवा गोळा करू नका, गरीब आणि उपरे यांच्यासाठी ते सोडा. पुस्तक मिटून आई म्हणाली, “बाबांनी हे वाचलेलं नाही, पण पाळलंय बघ.” देणारा समोर उभा नसला की घेणाऱ्याला मान खाली घालावी लागत नाही, ही गोष्ट माझ्या मनात तिथे रुजली.

1972 ला पावसाने पाठ फिरवली आणि शेतात वेचायला सरवाही उरला नाही. रेशनला परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी मिळू लागली. तिची भाकरी थापताना चिरायची, तव्यावर काळपट तांबडी व्हायची आणि गार झाली की चिवट. ज्यांच्या कणगीत जुनी ज्वारी होती त्यांच्या डब्यात पांढरी भाकरी, बाकीच्यांच्या फडक्यात लाल. आणि काही पोरं मधल्या सुट्टीत नुसतं पाणी पिऊन चिंचेखाली खेळत राहायची. विचारलं तर ‘भूक नाही’ म्हणायची.

आपले तेव्हाचे मुख्याध्यापक अमळनेरच्या प्रताप हायस्कूलचे विद्यार्थी. साने गुरुजी 1924 ते 1930 या काळात तिथे शिक्षक होते, छात्रालय सांभाळत, मुलांच्या खोल्या स्वतः झाडत. सरांनी हे लहानपणी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. त्यांनी एक दिवस बांबूची मोठी पाटी आणवली आणि व्हरांड्यात ठेवली. पाटीवर जाड फडकं. मधली सुट्टी झाली की रांगेने जायचं, फडक्याखाली हात घालायचा आणि काढायचा. कोणी कोणती भाकरी टाकली, टाकली की नुसता हात घालून काढला, हे मागे उभ्या असलेल्यालाही कळत नसे. मग सर आणि शिपाईमामा सगळ्या भाकरींचे चतकोर करत आणि अंगतपंगत बसे. सोबत ठेचा, कांदा, कोणाकडचं लोणचं. भिलाटीतली, नर्सबाईंच्या घरची, वाड्यातली. चतकोर झाल्यावर भाकरीला घर राहत नव्हतं. काही घरांतून याची कुरबूर झाली. सरांनी पाटी हलवली नाही.

सर स्वतः लाल चतकोर निवडून घेत. मोठ्या घरच्या एका मुलाने एकदा लाल भाकरी बाजूला सारली. सर त्याला काही बोलले नाहीत, आपलं ताट उचलून त्याच्या शेजारी येऊन बसले. आपला चतकोर मोडला, ठेच्याला लावला, चावत चावत खाल्ला. मग हळूच म्हणाले, “खाई ले रे भो.” त्याने खाल्ला.

घरी ही हकीकत सांगितली तेव्हा आईने योहानाचा सहावा अध्याय मला मोठ्याने वाचायला लावला. येशूने पाच भाकरी आणि दोन मासळ्यांत हजारोंना जेवू घातल्याची गोष्ट चारही शुभवर्तमानांत, म्हणजे येशूच्या चरित्रांत, आहे, पण त्या भाकरी एका मुलाजवळच्या होत्या आणि जवाच्या होत्या, हे फक्त योहान सांगतो. जव हे तिथल्या गरिबांचं धान्य. त्या मुलाचं नाव कुठेच लिहिलेलं नाही. दुसऱ्या दिवसापासून आई माझ्या फडक्यात एक भाकरी जास्त बांधू लागली. ती तिच्याच ताटातली होती, हे मला फार उशिरा, स्वतःच्या मुलांची ताटं वाढताना उमगलं.

पुढे मी एस.टी.त लागलो आणि धुळ्यात घर केलं. 2020 च्या टाळेबंदीत मुंबई-आग्रा महामार्गावरून माणसं बायका-पोरांना घेऊन पायी निघाली होती. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या काही घरांनी मिळून रस्त्याकडेच्या लिंबाखाली भाकरी, गूळ, शेंगदाणे मांडायचं ठरवलं. पाटीची गोष्ट माझ्या बायकोने आईच्या तोंडून ऐकलेली. ती म्हणाली, “अहो, टेबलामागे उभं नका राहू. त्यांना घ्यायला जड जाईल.” आम्ही लांब, माठांपाशी पाणी भरत राहिलो. लोक येत, हवं तेवढं घेत, लेकरांच्या खिशात शेंगदाणे भरत आणि पुढे जात. आमचा नातू तेव्हा लहान होता. रात्रीच्या प्रार्थनेत त्याने ‘रस्त्यावरच्या सगळ्यांसाठी’ मागितलं. नावं माहीत नव्हती, म्हणून त्याने एका दादाचा लाल शर्ट आणि एका ताईच्या हातातलं पितळी भांडं, असं आठवून आठवून सांगितलं. आई असती तर तिला ते फार आवडलं असतं.

शाळेच्या अमृतमहोत्सवाच्या पत्रिकेत पाड्यांवरून पायी येणाऱ्या मुलींना सायकली द्यायचं ठरल्याचं वाचलं आणि खूप आनंद झाला. अंतरापायी किती पोरींची शाळा आठवीतच सुटते, हे एस.टी.च्या नोकरीत मी जवळून पाहिलं आहे. संयोजकांना माझी कळकळीची विनंती आहे की त्या मुलींना मंचावर रांगेत उभं करू नये, सायकलीच्या हँडलवर हात ठेवायला लावून फोटो काढू नयेत. सायकली स्टँडवर उभ्या असू द्याव्यात आणि वह्या-पुस्तकं देतात तशी किल्ली वर्गशिक्षकांनी हातात द्यावी. सायकलवर ‘सप्रेम भेट’ आणि देणाऱ्याचं नाव रंगवू नये. मागे मजबूत कॅरियर तेवढं बसवून घ्यावं, कारण येताना दप्तर आणि जाताना धाकटं भावंड त्यावरच बसणार आहे. पंक्चर आणि ब्रेकच्या खर्चाचं आम्ही माजी विद्यार्थी स्टँडजवळच्या दुकानदाराशी बोलून ठेवतो. मुलींनी सायकल तिथे लावावी आणि नीट करून घेऊन जावी.