साकु

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी ब्युरेटी, म्हणजे खाली तोटी असलेल्या काचेच्या मोजनळ्या, कमी पडल्या म्हणून मला पार्टनर मिळाली. त्यामागे शिक्षणशास्त्र वगैरे काही नव्हतं. सरांनी हजेरीपट उघडला, लागोपाठचे दोन-दोन नंबर एकत्र बांधले आणि मोकळे झाले. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडची, मराठी शाळेतली. ती त्याच जिल्ह्यातल्या बैलहोंगलकडची, कन्नड शाळेतली. इंग्रजी दोघींचं सारखंच, म्हणजे बेताचं.

पहिलंच टायट्रेशन, म्हणजे एक द्रावण थेंबाथेंबाने दुसऱ्यात सोडून किती लागतं ते मोजणं, ऑक्झॅलिक ॲसिडचं. फ्लास्कमध्ये १० मिली ॲसिड, त्यात रंग दाखवायला दोन थेंब फिनॉल्फ्थॅलीन, आणि वरून ब्युरेटमधला सोडियम हायड्रॉक्साइड. फिकट गुलाबी रंग आला की थांबायचं. वाचायला सोपं. प्रत्यक्षात एक हात तोटीवर, दुसऱ्या हातात घुसळता फ्लास्क, डोळे रंगावर. एकटीला जमेना. मग तोटी माझ्याकडे आली आणि फ्लास्क तिच्याकडे गेला.

मी जात्याच घाईची. थेंब-थेंब सोडायचं तिथे धार धरली आणि फ्लास्कमध्ये रंगपंचमी झाली. “काय करालीस ग पोरी,” अटेंडर मामा लांबूनच ओरडले, “सोडा काय फुकट येतोय?”

त्या दिवसापासून ती फ्लास्क हलवता हलवता बोलायला लागली. “सावकाश, सावकाश.” हा शब्द तिच्या कन्नडातही आहे हे मला तेव्हा कळलं. मग “इन्नोंदु हनि”, म्हणजे आणखी एक थेंब. आणि शेवटी “साकु!” म्हणजे पुरे. तिने साकु म्हणायचं आणि माझ्या बोटांनी तोटी फिरवायची. बाहेर पाट्यांवरच्या अक्षरांवरून वर्षानुवर्षं वाद चाललेत, पण ‘साकु’चा अर्थ मला कुणी फोडून सांगावा लागला नाही. एकदा उशीर झाला की सगळं ओतून पुन्हा पहिल्यापासून करायचं असलं, की भाषा पटापट येते.

भांडणंही झाली. ती म्हणाली, रंग आला. मी ब्युरेट वाचून फ्लास्ककडे बघते तर पाणी पांढरं स्वच्छ! “कुठाय रंग?” “होता की आत्ता!” एकटी असते तर मी गुपचूप आणखी एक थेंब टाकून मोकळी झाले असते. दोघी होतो म्हणून वाद सरांपर्यंत गेला. हवेतला कार्बन डायऑक्साइड द्रावणात मिसळतो, त्याने अल्कली मरतो आणि उभ्या उभ्या रंग उडतो. अर्धं मिनिट टिकला की तो एंड पॉइंट, म्हणजे थांबायची खूण, धरायचा, असं सरांनी सांगितलं. ही गोष्ट पुस्तकातही होती म्हणे. असेल.

रीडिंगचं तर वेगळंच. मला १२.३ दिसायचं, तिला १२.४. दर वेळी माझं कमी. शेवटी तिने मला खांद्याला धरून खाली वाकवलं. मी ताडमाड, वरून बघत होते. डोळा द्रवाच्या पातळीत आला तेव्हा माझंही १२.४ झालं. त्यानंतर आम्ही रीडिंग एकमेकींना न दाखवता आपापल्या तळहातावर लिहायचो आणि मग मुठी उघडायचो. शेजारच्या टेबलावर तिन्ही रीडिंग दर वेळी हुबेहूब यायची. ती रीडिंग कुठल्या जर्नलातून, म्हणजे प्रयोगवहीतून, यायची हे सगळ्या बॅचला ठाऊक होतं.

पुढे पाण्याचा जडपणा काढायचा आला तेव्हा दोघींनी घरून बाटल्या आणल्या. फ्लास्कमध्ये ५० मिली पाणी आणि रंग दाखवणारं सूचक, ब्युरेटमध्ये जडपणाचे क्षार धरून ठेवणारं ईडीटीए, ०.०१ मोलर; दारूसारखा लाल रंग निळा झाला की थांबायचं. माझ्या विहिरीच्या पाण्याला २.४ मिली लागलं. तिच्या बोअरचं पाणी मात्र लालच! ती “इन्नोंदु हनि” म्हणून म्हणून दमली, तेव्हा १८.१ वर निळं झालं. विसाने गुणलं: माझं लिटरमागे ४८ मिलिग्रॅम, तिचं ३६२. पिण्याच्या पाण्याला २०० पर्यंत बरं आणि दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यायचं, असं भारतीय मानक सांगतं. ती आकड्याकडे बघत बसली. मग म्हणाली, “म्हणजे अव्वाची डाळ शिजत नाही ते ह्याच्यामुळे. आम्ही उगाच किराणावाल्याला शिव्या घातल्या.”

वार्षिक प्रॅक्टिकलला मात्र प्रत्येकीला स्वतंत्र स्टँड. त्या दिवशी ब्युरेटी कुठून आल्या कोण जाणे. ती लांब खिडकीपाशी. माझ्या वाट्याला तेच ऑक्झॅलिक ॲसिड. डावा हात तोटीवर, उजव्यात फ्लास्क, थेंब, थेंब, आणि गुलाबी झाक दिसताच माझ्याच तोंडून मोठ्याने निघालं, “साकु!”

बाहेरून आलेले परीक्षक वळले. कन्नड मुलगी सापडली म्हणून खूश झाले असावेत, कारण पुढचा प्रश्न घडाघडा कन्नडात आला. माझं कन्नड तोटीपासून फ्लास्कपर्यंतचं. त्या लांबलचक वाक्यातले मला शेवटचे दोनच शब्द कळले, “याव बण्ण?” कुठला रंग?

“गुलाबी,” मी म्हणाले. दोन्हीकडे गुलाबीच म्हणतात.