गुन्ह्याचा पैसा आणि 'मला माहीत नव्हते' हा बचाव

गुन्ह्यातून आलेला पैसा जाणूनबुजून स्वीकारणे, दडवणे किंवा फिरवणे हा स्वतंत्र गुन्हा मानावा, असे बंधन संयुक्त राष्ट्रांच्या १९८८च्या व्हिएन्ना कराराने सदस्य देशांवर अमली पदार्थांच्या व्यापारापुरते घातले. संयुक्त राष्ट्रांच्याच २००० सालच्या, संघटित गुन्हेगारीविरोधी पालेर्मो कराराने ते इतर गंभीर गुन्ह्यांपर्यंत नेले.

यातील 'जाणूनबुजून' ही अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आरोपीच्या मनात काय होते याचा थेट पुरावा क्वचितच मिळतो, म्हणून ते ज्ञान वस्तुनिष्ठ परिस्थितीवरून अनुमानाने ठरवण्याची मुभा दोन्ही करारांनी दिली आहे. उत्पन्नाशी न जुळणाऱ्या रकमा, सबळ कारणाशिवाय अनेक खात्यांतून फिरलेला पैसा, अशा खुणा तेथे बोलू लागतात. थोड्या कमिशनसाठी आपले खाते परक्याला वापरू देणाऱ्या तरुणांना हे कोणी वेळेवर सांगत नाही, याची मला खरोखर चिंता वाटते.

फायनान्शियल अ‍ॅक्शन टास्क फोर्स या १९८९ मध्ये स्थापन झालेल्या, गुन्ह्याचा पैसा रोखण्याचे आंतरराष्ट्रीय निकष ठरवणाऱ्या संस्थेच्या ४० शिफारशींनुसार बँकेने ग्राहकाची ओळख पडताळून संशयास्पद व्यवहार शासकीय यंत्रणेला कळवायचा असतो, आणि त्याची कुणकुणही ग्राहकाला लागू द्यायची नसते. हा नियम कठोर असला तरी मला योग्य वाटतो, कारण सावध झालेला गुन्हेगार चौकशी सुरू होण्याआधीच पैसा दुसऱ्या देशात हलवू शकतो.