मे महिन्यातली घळ आणि तिच्यातलं पाणी

भंडारदऱ्याजवळच्या सांदण दरीला आता परत जावंसं वाटत नाही. दरी अप्रतिम आहे, त्यात वाद नाही. पण सुट्टीच्या दिवशी दोरापाशी लागणारी रांग, मागून चाललेली घाई आणि कुणाच्या तरी पाठपिशवीत वाजणारा स्पीकर, या सगळ्यात दगडाकडे बघायला सवड कुणालाच नसते. म्हणून अमरावतीच्या मित्राने मेळघाटातल्या एका घळीबद्दल सांगितलं तेव्हा मी तारखाही न विचारता हो म्हटलं. तारखा निघाल्या मे महिन्यातल्या. घरी सगळ्यांनी कपाळाला हात लावला. अकोला-अमरावतीकडे त्या दिवसांत पारा 45 अंशांना शिवतो आणि दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही.

पण अशी घळ उतरायची तर पावसाळ्यापेक्षा उन्हाळा बरा. पावसाळ्यात ती उतरण्याचा विचारही करू नये. सातपुड्याच्या या भागाला, म्हणजे गाविलगडच्या डोंगररांगेला, विदर्भातल्या बाकी मुलखाच्या मानाने भरपूर पाऊस मिळतो आणि पठारावरचं सगळं पाणी याच चिंचोळ्या वाटांनी खाली धाव घेतं. अमेरिकेत युटा आणि ॲरिझोनाच्या वाळवंटात कॅन्यनिअरिंगचा खेळ मोठा आहे. वरून अरुंद दरीत शिरायचं आणि चालत, सरपटत, दोरावरून उतरत खालच्या तोंडाने बाहेर पडायचं. तिथला दगड वालुकाश्म. पुराबरोबर येणारी वाळू तो घासत जाते, आणि काही ठिकाणी दोन भिंतींमधून अंग आडवं केल्याशिवाय पुढे सरकताच येत नाही. 12 ऑगस्ट 1997 रोजी ॲरिझोनातल्या लोअर अँटिलोप कॅन्यनमध्ये अचानक आलेल्या लोंढ्यात 11 पर्यटक गेले. पाऊस त्यांच्या डोक्यावर पडतच नव्हता, तो वरच्या अंगाला कित्येक मैलांवर पडला होता. आमच्या वाटाड्यादादांनी ही घटना ऐकलेली नव्हती, तरी आदल्या संध्याकाळी त्यांनी तेच सांगितलं. "वैराट डोंगराच्या बाजूनं आभाळ काळं दिसलं की मंग दोर-बीर तसाच सोडाचा आन् कडेला चढाचं." वळवाच्या पावसाला भरवसा नाही, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही.

परतवाड्याहून घाट चढून जाणं, वनविभागाची परवानगी, सामानाची तपासणी यात एक अख्खा दिवस गेला आणि त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. घळ व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्राबाहेर आहे, तरी परवानगी आणि गावातला माणूस सोबत असल्याशिवाय तिकडे पाऊल टाकू नये. वाघापेक्षा इथे अस्वलाची भीती जास्त.

मुक्काम कोरकू आदिवासींच्या वस्तीतल्या एका घरी होता. शेणाने सारवलेलं अंगण, त्यात टाकलेल्या खाटा, जेवायला कुटकीचा, म्हणजे एका बारीक भरडधान्याचा भात आणि तुरीचं वरण. चिखलदऱ्यातल्या हॉटेलांत मी राहिलेलो आहे. तिथल्या कोंदट खोलीपेक्षा ही खाट शतपटीने बरी, हे माझं ठाम मत आहे. रात्री वारा सुटला आणि पहाटे तर चादर ओढून घ्यावी लागली. घरातल्या मावशी तीन वाजताच उठून डोक्यावर एक आणि कडेवर एक हंडा घेऊन बाहेर पडल्या. इतक्या अंधारात कुठे जातात, हे तेव्हा कळलं नाही. घळ उतरून गेल्यावर कळलं.

आम्ही फटफटायच्या आत निघालो. दहानंतर काळा पाषाण तापतो, मग त्यावर तळहात टेकवत नाही, आणि दोरावरून उतरताना हातातलं लोखंडही चटका द्यायला लागतं. डोक्याला ओला दुपट्टा, खिशात कांदा (वऱ्हाडात उन्हाला निघणाऱ्याच्या खिशात तो असतोच), पाठीवर माणशी पाच लिटर पाणी.

घळीचं तोंड सागाच्या निष्पर्ण जंगलात आहे. दहा पावलांवर जाईपर्यंत जमीन फाटली आहे हे समजत नाही. आत उतरलं की दोन्ही बाजूंना सरळसोट काळ्या भिंती. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्ह्याचे थर एकावर एक पसरत गेले. निवताना त्यांना उभ्या भेगा पडल्या, म्हणून हा दगड ढासळतो तोही उभा आणि भिंत तासून काढल्यासारखी राहते. दोन थरांच्या मधे कुठे कुठे विटेच्या रंगाचा मऊ पट्टा दिसतो. आधीच्या लाव्ह्यावर पुढचा लाव्हा येईपर्यंत जी माती तयार झाली, तीच ही भाजलेली. पाणी हा मऊ पट्टा आधी कोरतं, मग वरचा काळा थर छज्जासारखा पुढे येतो आणि तिथे दोर लावावा लागतो. तळाला रांजणखळगे आहेत. पुरात अडकलेले गोटे गोल फिरून फिरून दगडात भोकं पाडतात, त्यातली काही इतकी खोल की आत उभ्या माणसाचं फक्त डोकं दिसेल.

पहिल्या उतारावर सगळे उत्साहात होते. दुसऱ्यावर दादांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. समोरच्या छज्जाखाली आग्या मोहोळाची पोळी लटकत होती. एक, दोन, मग नजर सरावल्यावर दिसलं, अख्ख्या कपारीला ओळीने लागलेली. एखाद्या पोळ्यावरून मधूनच एक लाट सरकायची, हजारो माशा एकाच वेळी पोट वर करतात तेव्हा ती उठते. जवळ येऊ नका, असा तो इशारा. आमच्यातल्या एकाने अंगाला भरपूर सुगंधी काहीतरी फवारलेलं होतं. त्याला दादांनी मागे पाठवलं आणि तेही अतिशय शांतपणे. दोर पलीकडच्या भिंतीवर, एका ऐनाच्या बुंध्याला बांधून घेतला. खाली पोचेपर्यंत कुणी शिट्टी वाजवली नाही, हाक मारली नाही, खुणांवर काम झालं. पूर्ण प्रवासात मला सगळ्यात आवडलेला वेळ कोणता, असं विचाराल तर हाच. वीस माणसं एकदम गप्प झाली की घळीत किती काय काय ऐकू येतं! कपारीत कुठेतरी पाणी ठिबकत होतं. आणि त्या आवाजाच्या दिशेने लांब पांढऱ्या शेपटीचा स्वर्गीय नर्तक पक्षी आमच्या डोक्यावरून गेला.

ठिबकणारं पाणी त्या विटेच्या रंगाच्या पट्ट्यावरून येत होतं. वरच्या भेगाळ दगडातून मुरलेलं पाणी या चिकण थरापर्यंत येतं, खाली जाऊ शकत नाही, आणि आडवं वाहून भिंतीतून बाहेर पडतं. मे महिन्यात त्याची धार म्हणजे करंगळीएवढी. त्या धारेखाली एक डोह. हिरवट, सावलीतला, मांडीएवढ्या खोलीचा. उन्हाने भाजून आल्यावर असं पाणी दिसलं की काय होतं, ते सांगायला नको.

आमच्या या सहलीच्या आयोजकाने जाहिरातीतच लिहिलं होतं, 'नैसर्गिक डोहात मनसोक्त डुंबण्याचा आनंद'. चौघा-पाचजणांनी बूट काढले. एकाने पिशवीतून साबणाची वडी काढली.

"भाऊ, त्यात नका उतरू," दादा म्हणाले. पहिल्यांदा हळू, मग जरा मोठ्याने. "रातच्याले सारं जनावर याच पान्यावर येते. साबनाचा वास लागला त मागं फिरते. मंग आमच्या गावाकडं येते ते."

आयोजक हसून म्हणाला, लोकांनी पैसे भरलेत, पाच मिनिटं भिजले तर काय होतं. आणि ते उतरले.

मला त्या क्षणी जो राग आला तो अजून गेलेला नाही. बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनविभागाची माणसं मेळघाटात मचाणावर बसून प्राणी मोजतात, ते पाणवठ्यावरच का? कारण या महिन्यात सगळ्या जंगलाला जाण्यासारखी तेवढीच जागा उरते. 1973 साली देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा पहिल्या नऊ जंगलांत मेळघाट होतं. त्या जंगलाच्या कडेला, ओल्या चिखलात अस्वलाचं लांब नखांचं ताजं पाऊल समोर दिसत असताना, आम्ही त्या पाण्याला साबणाचा फेस आणला. मी आणि अजून काहीजण उतरलो नाही. आयोजकाशी तिथेच वाद घातला. उपयोग झाला नाही.

त्याच्या खालच्या वळणावर प्लास्टिक सुरू झालं. घळीच्या वरच्या अंगाला पर्यटकांचा एक पॉइंट आहे, तिथे कठड्याला टेकून लोक फोटो काढतात, मका खातात आणि बाटली खाली भिरकावतात. वरून ती दिसेनाशी होते. पावसाळ्यात पाणी ते सगळं आणून इथल्या रांजणखळग्यांत भरतं. एका खळग्यात नुसत्या बाटल्या होत्या, गळ्यापर्यंत. वेफर्सच्या पाकिटांचे रंग उडून आतली चंदेरी बाजू तेवढी उरलेली. जमेल तेवढं आम्ही पोत्यात भरलं, ते पोतं घेऊन शेवटचा उतार उतरणं महाकठीण गेलं.

घळ संपते तिथे वाळूचं पात्र आहे, आणि त्या वाळूत मावशी बसलेल्या होत्या. पहाटे तीनला निघालेल्या त्याच. आता सकाळचे नऊ वाजून गेले होते. दुसरा हंडा अजून अर्धाच भरला होता, कारण ही त्यांची दुसरी फेरी होती.

झिरा कसा असतो, ते इथे नीट बघितलं. वाळूत कोपरभर खोल खड्डा, त्याच्या काठाला चपटे दगड रचलेले, म्हणजे वाळू आत ढासळत नाही. वानरांनी तोंड घालू नये म्हणून वर बोरीची काटेरी फांदी. फांदी बाजूला करायची, वाकून ॲल्युमिनियमच्या वाटीने तळाचं पाणी अलगद घ्यायचं, गाळ हलू द्यायचा नाही. हंड्याच्या तोंडावर फडकं, त्यातून ओतायचं. सहा-सात वाट्या झाल्या की तळ उघडा पडतो. मग बसायचं. कडेच्या वाळूतून पाणी पाझरतं, आधी नुसती ओल चमकते, मग एका बाजूला अंगठ्याच्या नखाएवढं पाणी साठतं, मग हळूहळू तळ बुडतो. आमच्या डोळ्यांसमोर एवढं व्हायला पाव तास लागला. मावशींच्या मागे तीन बाया आणि एक शाळकरी मुलगी आपापली भांडी घेऊन नंबर लावून होत्या.

त्यांनी आमच्याकडे बघितलं आणि वाटी पुढे केली. "उन्हातून आले. पेऊन घ्या."

पाव तासाचं पाणी त्यांनी आम्हाला देऊ केलं. आमच्या पाठीवर बाटल्या होत्या, आम्ही नको म्हटलं, तरी एकीने वाटी हातात दिलीच. पाणी गार होतं, किंचित मातकट, आणि वरच्या डोहात साबण लावून आलेली माणसं माझ्या शेजारी उभी होती. तो डोह आणि हा झिरा, वाळूखालून एकच ओलावा. हे मी मोठ्याने बोललो. साबणवाला खाली बघत राहिला. त्याने नंतर मुलीचा हंडा गावापर्यंत नेऊन दिला, हेही सांगितलं पाहिजे.

इतका पाऊस पडणाऱ्या डोंगरावर उन्हाळ्यात ही वेळ का येते? उतार तीव्र, दगड घट्ट, पाणी मुरायच्या आत तापी-पूर्णेकडे निघून जातं. याच चिखलदरा तालुक्यात खडीमलसारख्या गावात वर्षानुवर्षं टँकर येतो, पाणी विहिरीत ओततो आणि सगळं गाव बादल्या घेऊन विहिरीच्या काठावर तुटून पडतं. बातम्यांत हे दर मे महिन्यात येतं. आपण वाचतो आणि पुढच्या आठवड्यात थंड हवेसाठी त्याच तालुक्यात खोली आरक्षित करतो.

बाकीचा मुक्काम गाविलगड किल्ला आणि रस्त्याकडेची रबडी यात गेला. दोन्ही उत्तम.

त्या आयोजकाला मी परतल्यावर लांबलचक पत्र लिहिलं. जाहिरातीतली 'डुंबण्याची' ओळ त्याने अजून काढलेली नाही. घळीचं नाव आणि रस्ता मला रोज कुणीतरी विचारतं आणि मी देत नाही, राग मानू नका. ज्यांना खरंच घळी उतरायच्या आहेत त्यांनी नोव्हेंबर-डिसेंबरात जावं. पूर ओसरलेला असतो, झरे धड वाहत असतात, आग्या मोहोळही उन्हाळ्याइतकं नसतं. जाण्याआधी गावात बसून विचारावं की कोणतं पाणी माणसांचं, कोणतं जनावरांचं. मेमध्येच जायचं असेल तर पाणी वरून, आपल्या पाठीवर न्यावं, आणि उरलेलं परत आणू नये, झिऱ्यावर बसलेल्या कुणाच्या तरी हंड्यात ओतून यावं.